बाळंतपणानंतरचे वजन : आठ किलोंचा हिशेब

तालुक्याच्या गावी धान्याचा व्यापार करणारे एक एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पुढे पेढी, मागे घर. घरात दोन सुना. दोघींची उंची सारखीच, १५५ सेंटीमीटर. लग्नानंतर थोरली ५० किलोंच्या आसपास राहिली, धाकटी ६२ किलोंची. थोरलीचे दुसरे आणि धाकटीचे पहिले बाळंतपण चार महिन्यांच्या अंतराने आले. धाकटीच्या माहेरी अडचण असल्यामुळे तिचेही सासरीच झाले. तेच स्वयंपाकघर, त्याच सासूबाई, त्याच डब्यातले डिंकाचे लाडू.

धाकटीच्या बाळाचा पहिला वाढदिवस साजरा झाला, त्या दिवशी थोरली ५१ किलोंची होती आणि धाकटी ७० किलोंची. जेवणे उरकल्यावर एक आत्याबाई सहज म्हणाल्या, "थोरली बघा, होती तशीच आहे! धाकटीच्या अंगी मात्र लाडू चांगलेच लागले हो." सगळे हसले. धाकटीही हसली. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिने कोणाला न सांगता सायंकाळचे जेवण सोडले. बाळ अजून अंगावर पीत होते.

हे कुटुंब प्रातिनिधिक आहे. पण असे प्रसंग ज्यांच्या घरी घडले नाहीत अशी कुटुंबे थोडीच असतील. प्रसूतीनंतर काही मातांचे वजन वर्षभरात पूर्वपदावर येते आणि काहींचे अंगावरच राहते. याचे कारण बहुधा आईच्या आळसात किंवा तोंडावर ताबा नसण्यात शोधले जाते. प्रत्यक्षात ते वजन अनेक खात्यांतून जमा झालेले असते, आणि त्यांतील बरीचशी खाती एकट्या आईच्या हाती नसतात. म्हणून हा हिशेब संपूर्ण घराने समजून घेणे अगत्याचे आहे.

नऊ महिन्यांची जमा

सर्वसाधारण प्रकृतीच्या स्त्रीचे वजन गरोदरपणात सुमारे १२ किलोंनी वाढते. हे सगळे वजन चरबीचे नसते. बाळाचे साधारण ३ किलो, वारेचे अर्धा ते पाऊण किलो, गर्भजलाचे तितकेच, वाढलेल्या गर्भाशयाचे सुमारे एक किलो, स्तनांचे अर्धा किलोच्या आत, वाढलेल्या रक्ताचे सव्वा किलोच्या आसपास आणि शरीरात साठणाऱ्या पाण्याचे दीड किलो. या सर्वांची बेरीज करून जे उरते ते तीन-साडेतीन किलो एवढेच चरबीचे असते. ही चरबी निसर्गाने हेतुपूर्वक राखून ठेवलेली ठेव होय. पुढे बाळाला दूध पाजताना ती खर्ची पडावी, अशी योजना असते.

प्रसूतीच्या वेळी बाळ, वार व गर्भजल मिळून चार-साडेचार किलो एकदम कमी होतात. पुढच्या दोन आठवड्यांत लघवी व घामावाटे साठलेले पाणी जाते. सहा आठवड्यांत गर्भाशय आक्रसून जवळजवळ पूर्ववत होते. यानंतर अंगावर जे राहते, त्यात मुख्यतः चरबी असते. सहाव्या आठवड्यात पूर्वीपेक्षा तीन-चार किलो जास्त भरले, तर त्यात काळजीचे काही नाही.

अडचण येते ती जमेची बाजूच मोठी असेल तेव्हा. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये गरोदरपणातील वजनवाढीच्या मर्यादा ठरवून दिल्या. त्यांचा आधार बीएमआय हा आहे. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. तो १८.५ पेक्षा कमी असणाऱ्या कृश स्त्रीचे वजन साडेबारा ते १८ किलोंनी वाढावे, १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते १६ किलोंनी; २५ ते २९.९ असेल तर ७ ते साडेअकरा किलोंनी. आणि ३० वा त्याहून अधिक असेल तर फक्त ५ ते ९ किलोंनी. भारतीयांच्या शरीरात त्याच वजनाला चरबीचे प्रमाण अधिक, विशेषतः पोटाभोवती, असते. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच आपल्या लोकांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता मानावी, असे ठरविले.

आता दोन्ही जावांचा हिशेब मांडून पाहावा. थोरलीचा बीएमआय सुमारे २१. तिचे वजन गरोदरपणात १२ किलोंनी वाढले, म्हणजे मर्यादेत. धाकटीचा बीएमआय जवळपास २६. तिला साडेअकरा किलोंपर्यंतच मुभा होती. वाढले १८ किलो. बाळ जन्माला येण्यापूर्वीच साडेसहा किलो जास्तीचे जमा झाले होते. वर्षअखेरीस जे आठ किलो शिल्लक दिसले, त्यांचे मूळ बव्हंशी येथे आहे. लाडवांचा डबा तर अजून उघडायचाच होता.

"दोन जिवांचे" जेवण

गरोदर सुनेच्या पानात वाढताना "आता दोन जिवांचे आहे, पोटभर खा" असे प्रेमाने म्हटले जाते. या म्हणण्यामागे जुना अनुभव आहे. अन्नाची वानवा असलेल्या काळात गरोदर स्त्री उपाशी राहू नये, तिच्या ताटात निदान पुरेसे पडावे, यासाठी हा नियम फार मोलाचा होता. आजही ज्या घरांत सून कृश व रक्त कमी असलेली आहे, तेथे तो लागू आहे.

परंतु दोन जीव म्हणजे दुप्पट जेवण नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींनुसार गरोदरपणात नेहमीच्या आहारापेक्षा दिवसाला सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात. एक पेला दूध, एक पोळी आणि वाटीभर मटकीची उसळ यांत ती गरज भागते. डोहाळजेवणांच्या पंगती, नातेवाइकांकडून येणारे मिठाईचे डबे, दुपारचे फरसाण आणि "उलटी झाली म्हणून पुन्हा खा" हा आग्रह मिळून ती मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय अनेक घरांत गरोदर स्त्रीला हालचालच करू दिली जात नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर ती पाळलीच पाहिजे. पण कोणतेही कारण नसताना नऊ महिने बसवून ठेवण्याने तिचे किंवा बाळाचे भले होत नाही.

सव्वा महिना आणि त्यानंतर

बाळंतिणीची काळजी घेण्याची आपली परंपरा जगाने हेवा करावा अशी आहे. सव्वा महिना तिला पूर्ण विश्रांती, तेलाचे मालीश, शेक, गरम पाण्याचे स्नान, सुंठ, बाळंतशोपा, अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, ताजा आणि गरम स्वयंपाक. परदेशांत अनेक माता चार-पाच दिवसांत एकट्याने घर सांभाळू लागतात. त्यांच्या वाट्याला हे सुख येत नाही. ही परंपरा टिकली पाहिजे.

मात्र परंपरेतच जे तारतम्य सांगितले आहे, ते हळूहळू विसरले गेले. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकेला तूप-तेल देण्यास सांगितले आहे, परंतु ते तिला भूक लागल्याचे पाहून आणि तिच्या शक्तीला सोसेल तेवढेच. त्यानंतर पातळ पेज, आणि पाच-सात दिवसांनंतर क्रमाक्रमाने पौष्टिक आहार. भूक, पचन आणि क्रम या तीन गोष्टी त्यात मध्यवर्ती आहेत. स्वयंपाकघरात आज तूप तेवढे उरले. तीन अटी गळून पडल्या.

एका लाडवाचा हिशेब व्यापारी घराला सहज कळेल. सुमारे ४० ग्रॅमच्या डिंकाच्या लाडवात तूप, सुके खोबरे, गूळ, खारीक व बदाम असतात. एक ग्रॅम तुपातून नऊ कॅलरी मिळतात. असा एक लाडू साधारण २०० कॅलरींचा होतो. केवळ अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, पुढच्या सहा महिन्यांत सुमारे ५२०. म्हणजे तीन लाडू खाल्ले की दूधनिर्मितीची अख्खी भरपाई झाली. त्यावर शिरा, तूप ओतलेला भात, मलईचे दूध आणि नेहमीची दोन जेवणे आली, तर गरोदरपणात साठलेल्या चरबीला हात लावण्याची शरीरावर वेळच येत नाही. ती ठेव जागेवर राहते आणि तिच्यात भर पडते. रोज एक लाडू गरजेपेक्षा जास्त झाला, तर ४० दिवसांत ८,००० कॅलरी होतात. शरीरात त्यांची सुमारे एक किलो चरबी बनते.

थोरलीने सव्वा महिना संपताच लाडू बंद केले, कारण मोठ्या मुलाच्या मागे धावताना तिला बसून खायला सवड नव्हती. धाकटीचे सिझेरियन झाले होते. "अशक्तपणा आहे" म्हणून तिच्यासाठी डबा पाच महिने भरला गेला. पूर्वीच्या बाळंतिणीही लाडू खात. पण सव्वा महिन्यानंतर त्या विहिरीचे पाणी, जाते, पाटा-वरवंटा आणि शेताकडे परतत. आता पाणी नळाला येते आणि दळण गिरणीतून. लाडवाची कृती मात्र तीच राहिली.

आणखी एक समज येथे दूर करणे आवश्यक आहे. तुपाने दूध वाढते, अशी श्रद्धा आहे. दुधाचे प्रमाण मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट पिते, स्तन किती रिकामे होतात, यावर ठरते. आईला पुरेसे अन्न व पाणी हवे, हे खरे. गरजेपलीकडच्या तुपाने दूध वाढत नाही.

दूध, भूक आणि झोप

"अंगावर पाजले की वजन आपोआप उतरते" हे वाक्य अर्धेच खरे आहे. डेन्मार्कमध्ये हजारो मातांची माहिती नोंदवून केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्या मातांनी अधिक काळ आणि अधिक पूर्णपणे स्तनपान दिले, त्यांचे वजन सहा महिन्यांत अधिक उतरले. ज्यांचे वजन गरोदरपणात बेताने वाढले होते, त्यांना याचा पूर्ण लाभ झाला. परंतु दूध पाजणाऱ्या आईची भूकही वाढते. बाळाला चौथ्या महिन्यापासून वरचे दूध सुरू झाले आणि आईचे जादा खाणे तसेच चालू राहिले, तर खर्च कमी होतो व जमा तेवढीच राहते. धाकटीच्या बाबतीत हेच घडले.

झोपेचे खाते तर कोणी मांडतच नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातील ९४० मातांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ सहा महिन्यांचे असताना ज्या माता दिवसरात्रीत पाच तास किंवा त्याहून कमी झोपत होत्या, त्यांच्यात वर्षाअखेरीस पाच किलो किंवा अधिक वजन शिल्लक राहण्याची शक्यता, सात तास झोपणाऱ्या मातांच्या तुलनेत सुमारे तिप्पट होती. झोप अपुरी पडली की भूक वाढविणारी व तृप्ती देणारी संप्रेरके यांचा तोल बिघडतो. गोड व तळलेले खावेसे वाटते, चालण्याचा उत्साह राहत नाही.

व्यापारी घरात रात्र उशिरा होते. पेढी बंद होऊन माणसे घरी येतात, तेव्हा घरातील बोलणी सुरू होतात. पहाटे मंदिराला जाणारे वडीलधारे उठतात. या दोन वेळांच्या मध्ये बाळ तीनदा जागे होते. दिवसा बाळ पाहायला पाहुणे येतात आणि बाळंतिणीला डोक्यावर पदर घेऊन बसावे लागते. धाकटी पहिले सहा महिने चार-साडेचार तासांपेक्षा अधिक झोपली नाही. घरातील कोणालाही याची जाणीव नव्हती, कारण तक्रार करणे तिच्या स्वभावात नव्हते.

तपासणीने कळणारी कारणे

काही मातांच्या बाबतीत जेवण आणि झोप यांचा हिशेब बरोबर असूनही वजन हलत नाही. अशा वेळी आजार शोधावा लागतो.

पहिला संशय थायरॉइडचा. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात काही स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथीला दाह होतो. आरंभी वजन उतरते, धडधड होते. पुढे चार ते आठ महिन्यांच्या सुमारास ग्रंथी मंदावते. मग थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणे, थंडी सहन न होणे आणि वजन वाढणे अशी लक्षणे दिसतात. "बाळंतपणाचा अशक्तपणा" म्हणून ती सोडून दिली जातात. रक्ताच्या साध्या टीएसएच तपासणीने निदान होते.

दुसरे कारण मनाचे आहे. प्रसूतीनंतर सतत उदास वाटणे, रडू येणे, बाळाविषयी भीती वाटणे, कशातच रस न राहणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. अशा अवस्थेत काहींचे जेवण तुटते, तर काहींचे खाणे वाढते. त्यावर उपचार आहेत. लवकर डॉक्टरांना दाखविणे हाच शहाणपणा; टोमणे मारून हा आजार बरा होत नाही.

तिसरे कारण औषधांचे. दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाने काही स्त्रियांचे वजन वाढते. तसे आढळल्यास डॉक्टरांशी बोलून दुसरा उपाय निवडता येतो.

चौथी गोष्ट प्रत्यक्षात वजनाची नाही, पण तशी भासते. गरोदरपणात पोटाच्या मधल्या स्नायूंच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर जातात. त्या जवळ आल्या नाहीत, तर वजन उतरूनही पोट पुढे दिसते. पट्टा बांधल्याने आधार मिळतो, परंतु चरबी वितळत नाही. फार आवळून बांधल्यास ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर उलट भार येतो. यासाठी फिजिओथेरपिस्टने शिकविलेले पोटाचे हलके व्यायाम उपयोगी पडतात.

शिल्लक पुढच्या खात्यावर

हे आठ किलो राहिले म्हणून काय बिघडले, असा प्रश्न कोणी विचारील. पोशाख घट्ट होतो, चार माणसे बोलतात, एवढेच असते तर दुर्लक्ष करता आले असते.

स्वीडनमध्ये १९९२ ते २००१ या काळात सलग दोन अपत्यांना जन्म देणाऱ्या १,५१,०२५ स्त्रियांच्या नोंदी तपासण्यात आल्या आणि २००६ मध्ये त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पहिल्या व दुसऱ्या गरोदरपणाच्या दरम्यान ज्यांचा बीएमआय तीन किंवा अधिक अंकांनी वाढला, त्यांच्यात दुसऱ्या खेपेस गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण सुमारे दुपटीने आढळले. रक्तदाबाचा गंभीर विकार पाऊणपट अधिक, आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी अधिक. एक-दोन अंकांच्या वाढीनेही मधुमेह व रक्तदाब यांचा धोका चढू लागतो. ज्या स्त्रिया मुळात स्थूल नव्हत्या, त्यांनाही हे लागू होते. धाकटीचा बीएमआय २६ वरून २९ च्या पुढे गेला होता. वाढ तीन अंकांहून थोडी अधिक. घरात मात्र "दुसरे लवकर होऊ द्या" अशी चर्चा सुरू झाली होती.

गरोदरपणात साखर वाढलेली आढळली असेल, तर ही बाब अधिकच गंभीर ठरते. अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका, साखर न वाढलेल्या स्त्रीच्या तुलनेत सुमारे सातपट असतो, असे २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसून आले. प्रसूतीनंतर साखर उतरते आणि सगळे निश्चिंत होतात. वास्तविक सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन पुन्हा तपासणी करणे, आणि पुढेही ठरावीक काळाने करीत राहणे आवश्यक आहे. शिल्लक वजन उतरविणे हा तो धोका कमी करण्याचा हाती असलेला मोठा उपाय होय.

भारतातील स्त्रियांचे एकंदर चित्रही बदलत आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील २०.६ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक होता. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. प्रत्येक बाळंतपणागणिक राहून गेलेली शिल्लक या वाढीतला एक हिस्सा आहे.

जैन स्वयंपाकघरातील आहार

वजन उतरविण्यासाठी नवजात बाळाच्या आईने उपवास, एकासणे किंवा जेवण सोडणे हा मार्ग धरू नये. धाकटीने सायंकाळचे जेवण सोडले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी तिची भूक अनावर झाली आणि डब्यातले फरसाण संपले. दूध पाजणाऱ्या आईने निर्जळ राहणे तर अजिबात योग्य नाही. चौविहार काटेकोर पाळणाऱ्या घरांत रात्रीच्या पाण्याविषयी आणि आहाराविषयी वडीलधारे, गुरुजन आणि डॉक्टर यांच्याशी बोलून बाळंतपणापूर्वीच निर्णय करून ठेवावा. ऐन वेळी तो भार सुनेच्या मनावर टाकू नये.

तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येते. आपण त्याला ऊनोदरी म्हणतो. भुकेपेक्षा चार घास कमी घेणे हे तप बाळंतिणीलाही सव्वा महिन्यानंतर झेपण्यासारखे आहे; शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही तेच हितकर आहे. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जादा वजनाच्या ४० स्तनदा मातांपैकी निम्म्यांना चौथ्या आठवड्यापासून बेताचा आहार व व्यायाम देण्यात आला. त्यांचे वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरले आणि त्यांच्या बाळांची वाढ इतर बाळांइतकीच राहिली. म्हणजे सावकाश उतरविल्यास बाळाच्या वाढीला बाधा येत नाही.

कमी करावयाचे ते तूप, साखर, गूळ, मैदा आणि तळण. कमी करावयाचे नाही ते प्रथिन. मूग, मटकी, तूर, हरभरा, दूध, दही, ताक व पनीर यांतून ते मिळते. मोड आलेली कडधान्ये अनंतकाय मानून वर्ज्य असतील, तर भिजवून शिजवलेली बिनमोडाची उसळ किंवा घट्ट वरण चालते. द्विदळाचा नियम पाळणाऱ्यांनी दही-ताक डाळीबरोबर न घेता दुसऱ्या वेळी घ्यावे. कंदमूळ नसले तरी दुधी, दोडका, पडवळ, तोंडली, लाल भोपळा, भेंडी या भाज्यांनी ताट भरते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असणाऱ्या घरांत लोहाची कमतरता भासू शकते; अळीव त्यावर चांगला आधार आहे, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. शाकाहारी मातेने बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी एकदा करून घ्यावी. ते कमी असल्यास आईला थकवा येतो आणि अंगावर पिणाऱ्या बाळालाही उणीव भासते.

लाडू बंद करण्याची आवश्यकता नाही. लहान वळावेत, दिवसाला एक द्यावा, तो सकाळच्या न्याहारीऐवजी दुधाबरोबर द्यावा, न्याहारीनंतर नको. सव्वा महिन्यानंतर डबा पुन्हा भरू नये. सायंकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण होत असेल, तर ते हलके व पुरेसे असावे; खिचडी, मुगाचे धिरडे, भाकरी-भाजी यांसारखे.

घराने करावयाचे काम

व्यायामासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रसूत मातांसाठीही आठवड्याला एकूण १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. नैसर्गिक प्रसूतीनंतर काही दिवसांतच हळूहळू चालणे सुरू करता येते. सिझेरियननंतर डॉक्टरांच्या संमतीने, बहुधा सहा आठवड्यांनी, वेग वाढवावा. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चालले की १५० मिनिटे होतात.

पण हा अर्धा तास तिला मिळायचा कसा? येथे घराचे काम सुरू होते. पेढी उघडण्यापूर्वीचा वेळ बाळाच्या वडिलांनी बाळाजवळ द्यावा. रात्रीच्या एका जागरणात बाळाला उचलून देणे, पाजून झाल्यावर खांद्यावर घेणे, लंगोट बदलणे ही कामे त्यांना करता येतात. सासूबाईंनी दुपारी दोन तास पाहुण्यांना "बाळंतीण झोपली आहे" असे निःसंकोच सांगावे. माहेरहून येणाऱ्या डब्यांत मिठाईऐवजी फळे आली, तर प्रेम कमी होत नाही.

आणखी एक सवय व्यापारी घराला जड जाऊ नये, ती म्हणजे नोंद ठेवण्याची. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीचे वजन, प्रसूतीपूर्वीचे शेवटचे वजन, मग सहा आठवडे, सहा महिने आणि बारा महिने पूर्ण होताना केलेले वजन एका वहीत लिहून ठेवावे. सहा महिन्यांनंतर पाच किलोंहून अधिक शिल्लक दिसली, तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइड व साखर तपासून घ्यावी. पुढील अपत्याचा विचार त्यानंतर करावा. दोन बाळंतपणांमध्ये आईच्या शरीराला सावरण्यास वेळ हवा. जागतिक आरोग्य संघटनेने बाळाच्या जन्मानंतर पुन्हा गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर सुचविले आहे.

आणि वाढदिवसाच्या पंगतीत सुनेच्या शरीराविषयी बोलणे थांबवावे. त्या एका वाक्याने धाकटीचे एक ग्रॅमही वजन उतरले नाही. तिने जेवण मात्र चोरून सोडले.

अशा घरात बदल घडायचा तर तो साधाच असतो. थोरलीला धाकटीचे रिकामे ताट दिसते आणि ती सासूबाईंच्या कानावर घालते. सासूबाई डब्यातले उरलेले लाडू पेढीवरच्या माणसांना वाटून टाकतात आणि संध्याकाळी मुगाची खिचडी स्वतः वाढतात. रक्त तपासले जाते. थायरॉइड थोडे मंद निघते, गोळी सुरू होते. सकाळी साडेसहाला दोघी जावा मंदिरापर्यंत चालत जाऊन परत येतात, तोवर बाळ वडिलांच्या मांडीवर असते. महिन्याने वहीत ६८.५ लिहिले जाते. अजून साडेसहा किलो उरले आहेत, आणि दुसऱ्या अपत्याची चर्चा तूर्त घरात कोणी काढत नाही.